ब्रायटनचं छोटं खेळणी संग्रहालय, आणि आजूबाजूला मुलांना घेऊन काय काय बघावं

रानजाई

लंडनहून मुलांना घेऊन एका दिवसात कुठे जाऊन येता येईल, हा प्रश्न उन्हाळा आला की इथे हमखास विचारला जातो. उत्तरांत मोठमोठी थीम पार्क येतात, आणि ब्रायटनचं नाव निघालंच तर गाडी समुद्र आणि पिअरवर थांबते. म्हणून ब्रायटन टॉय अँड मॉडेल म्युझियमसाठी हा वेगळा धागा काढते आहे. मला ही जागा मनापासून आवडली आणि आपल्या लोकांनी ती बघावी असं फार वाटतं.

ब्रायटन स्टेशनच्या बाहेरचं टॅक्सी उभ्या राहतात ते आवार विटांच्या कमानींवर उभं आहे. त्याच्या खालून ट्रॅफलगर स्ट्रीट जातो. स्टेशनातून बाहेर पडून बाजूनं खाली उतरलं की त्या अंधाऱ्या रस्त्यावरच संग्रहालयाचं दार लागतं. आत एकोणिसाव्या शतकातल्या चार कमानी, सगळी मिळून साधारण ४००० चौरस फूट जागा, आणि तेवढ्यात दहा हजारांवर वस्तू. जुन्या खेळण्यातल्या आगगाड्या दुरुस्त करणारे कारागीर ख्रिस लिटलडेल यांनी १९९१ साली हे सुरू केलं.

आम्ही सहाजण होतो: सांगलीहून आलेले सासू-सासरे, आम्ही दोघं, मुलगा नऊ वर्षांचा आणि मुलगी पाच. एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे कुणाची निराशा नको. इथली जवळजवळ सगळी खेळणी काचेआड आहेत. दाबायची बटणं आहेत, त्यांनी काही गोष्टी हलतात, पण हातात घेऊन खेळायचं हे ठिकाण नाही. त्यामुळे मुलांना नुसतं "बघा रे" म्हणून सोडलं, तर दहा मिनिटांत ती दाराशी येऊन उभी राहतील.

आमच्याकडे सासऱ्यांनी ती वेळ येऊच दिली नाही. पत्र्याच्या इंजिनांच्या कपाटापुढे उभं राहून ते नातवाला म्हणाले, "प्रत्येक इंजिनाला चावीचं भोक कुठंय ते शोध." इंजिनाच्या कुशीला एक बारीक भोक असतं, त्यात चावी घालून आतली स्प्रिंग आवळायची. पोरगं काचेला नाक लावून एकेक इंजिन तपासायला लागलं. आणि मग प्रश्न आला, "आजोबा, या मोठ्या इंजिनाला भोकच नाहीये. हे कसं चालत असेल?" तिथून पुढे अर्धा तास दोघं तिथेच.

मुलीला मी अस्वलांच्या कानातलं बटण शोधायला सांगितलं. जर्मनीतल्या श्टाइफ कंपनीची अस्वलं १९०२ पासूनची. १९०४ पासून त्यांच्या डाव्या कानात धातूचं बटण असतं, तीच त्यांची ओळख. झिजलेली, लव गेलेली अस्वलं आहेत. "याला कुणीतरी खूप जवळ घेतलंय," असं ती आपणहून म्हणाली.

सासूबाई बाहुलीघरांपाशी रमल्या. बोटाच्या पेराएवढी पातेली, चूल, ताटाळं. "अगं ही तर आपली भातुकलीच," म्हणाल्या, आणि मग त्यांच्या लहानपणीच्या पितळी भातुकलीबद्दल नातीला सांगत बसल्या. ते सगळं मीही पहिल्यांदाच ऐकत होते.

दीड-दोन तास हाताशी ठेवा. रविवार-सोमवार टाळा, आणि वेळा त्यांच्या संकेतस्थळावर बघूनच निघा. तिकीट आहे, पण मोठ्या आकर्षणांच्या मानानं बरंच कमी. त्यानंतर आम्ही नॉर्थ लेनच्या गल्ल्यांतून चालत रॉयल पॅव्हिलियन या जुन्या राजवाड्याच्या बागेत डबा खाल्ला आणि दुपारी समुद्रकाठच्या व्होक्स इलेक्ट्रिक रेल्वेत बसलो. जाणकारांनी भर घालावी.

झुळूक

छान लिहिलं आहेस. आमची जुळी तीन वर्षांची आहेत. दोघांची प्रॅम घेऊन त्या कमानींत फिरता येईल का? आणि या वयात त्यांना काही कळेल का, की दोन-तीन वर्षं थांबू?

रानजाई

झुळूक, कपाटांमधल्या वाटा अरुंद आहेत, गर्दीच्या दिवशी जोडप्रॅमचा त्रासच होईल. आणि खरं सांगू का, तीन वर्षांच्या मुलांसाठी मी ही जागा सुचवणार नाही. पुष्कळ कपाटं त्यांच्या डोळ्यांच्या वर आहेत, मग सारखं कडेवर घ्यावं लागतं. त्यापेक्षा पिअरसमोरच्या सी लाईफमध्ये जा. ते १८७२ सालचं मत्स्यालय आहे, अजून चालू असलेलं जगातलं सगळ्यात जुनं. त्याच्या जुन्या कमानदार दालनातून मासे बघताना मोठ्यांनाही कंटाळा येत नाही. खेळणी संग्रहालय मुलं पाच-सहाची झाली की करा.

लोहपथ

या जागेवर धागा निघाला याचा फार आनंद झाला. रानजाई, तुमच्या मुलानं विचारलेला प्रश्न हा त्या संग्रहालयातला सगळ्यात चांगला प्रश्न आहे, त्यामुळे त्याचं उत्तर जरा सविस्तर देतो.

चावीचं भोक नसलेली ती इंजिनं विजेवर चालणारी. त्यांच्या रुळांकडे नीट बघा: दोन नाही, तीन पट्ट्या दिसतील. मधली पट्टी वीज आणते, बाहेरच्या दोन पट्ट्या ती परत नेतात. पत्र्याच्या गाडीची चाकं आणि आस सगळं धातूचं. दोनच रूळ ठेवून एकातून वीज आणली आणि दुसऱ्यातून नेली, तर चाकांच्या आसातूनच शॉर्टसर्किट होणार. म्हणून तिसरा रूळ.

आता गंमत बघा. ज्या गाडीनं तुम्ही लंडनहून ब्रायटनला येता, तीही तिसऱ्या रुळावरच चालते. १ जानेवारी १९३३ पासून लंडन-ब्रायटन मार्गावर पूर्ण विद्युत सेवा सुरू झाली, आणि आजही ७५० व्होल्टची वीज रुळांशेजारच्या पट्टीतून गाडीच्या बुटाला, म्हणजे त्या पट्टीला टेकून सरकणाऱ्या धातूच्या तुकड्याला, मिळते. मुंबईत १९२५ साली व्हीटी-कुर्ला विजेची गाडी सुरू झाली तेव्हा तार वर होती, अजूनही वरच आहे. त्यामुळे आपल्याकडून आलेल्या मंडळींच्या हे पटकन लक्षात येत नाही. ब्रायटनच्या फलाटावर उतरलात की पिवळ्या रेषेच्या आतूनच मुलांना ती पट्टी दाखवा. तिला स्पर्श म्हणजे मृत्यू, हेही तेव्हाच स्पष्ट सांगा.

आणि समुद्रकाठची व्होक्स रेल्वे! मॅग्नस व्होक नावाच्या ब्रायटनच्याच माणसानं ४ ऑगस्ट १८८३ ला ती सुरू केली. जगात आज चालू असलेली सर्वांत जुनी विद्युत रेल्वे तीच. सुरुवातीला वीज थेट दोन रुळांतून यायची, पण समुद्राचं खारं पाणी आणि ओलावा यांमुळे ती गळायची. काही वर्षांतच तिसरा रूळ टाकला गेला.

म्हणजे एकाच दिवसात, एकाच गावात, मुलाला तीच युक्ती तीन मापांत बघायला मिळते: कपाटात, फलाटावर आणि समुद्राकाठी. माझ्या माहितीत एवढं जवळजवळ हे दुसरीकडे कुठेच नाही. म्हणून माझा क्रम ठरलेला असतो: आधी संग्रहालय, मग व्होक्स. उलटं केलं तर तिसऱ्या रुळाकडे कुणाचं लक्षच जात नाही.

गाड्यांबद्दल थोडं. पहिल्या महायुद्धाआधी इंग्लंडच्या दुकानांतली चांगली खेळणी बहुतेक जर्मनीची. न्यूरेंबर्गची बिंग, ग्योपिंगेनची १८५९ साली सुरू झालेली मेर्कलिन. युद्धात तो माल बंद झाला. लिव्हरपूलचे फ्रँक हॉर्नबी, ज्यांनी १९०१ साली मेकॅनोच्या भोकं पाडलेल्या पट्ट्यांचं पेटंट घेतलं होतं, त्यांनी १९२० मध्ये चावीच्या आगगाड्या काढल्या. त्यांचं माप ओ गेज, म्हणजे दोन रुळांत ३२ मिलीमीटर अंतर. पुढे १९३८ मध्ये हॉर्नबी डब्लो आली, तिचं अंतर १६.५ मिलीमीटर. लहान घरातही टेबलावर मावेल अशी. संग्रहालयात दोन्ही मापांचे मोठे देखावे आहेत: १९३०च्या दशकातल्या पत्र्याच्या गाड्यांचा, आणि ससेक्सच्या टेकड्यांचा.

डबे बघताना घाई करू नका. खिडक्या, दाराच्या मुठी, कड्या, रिव्हेट, सगळं पत्र्यावर छापलेलं असतं. डब्याची बाजू छपराला जोडायला स्क्रू नसतो, खिळा नसतो. पत्र्याचीच एक बारीक जीभ खाचेतून बाहेर काढून दुमडलेली असते. डबा उघडायचा तर ती जीभ सरळ करावी लागते, आणि असं दोन-चारदा झालं की ती तुटते. म्हणून नव्वद-शंभर वर्षांपूर्वीचा डबा त्याच्या सगळ्या जिभांसकट समोर दिसतो, तेव्हा तो आजवर किती जपून हाताळला गेला असेल, ते कळतं.

वर्षातून काही ठरावीक दिवशी स्वयंसेवक तो १९३०चा मोठा देखावा प्रत्यक्ष चालवतात. त्या दिवशी तिकीट वेगळं असतं. जमलं तर तोच दिवस धरा. पत्र्याच्या गाडीचा पत्र्याच्या रुळावरचा खणखणाट ध्वनिफितीत येत नाही.

टेम्सकाठ

वाचायला छान वाटलं, पण माझं मत थोडं वेगळं आहे. चौघांचं रेल्वे तिकीट, वर संग्रहालयाचं, आणि दोन तासांत संपणारी चार दालनं. लंडनमध्येच बेथनल ग्रीनला यंग व्ही अँड ए हे मुलांचं संग्रहालय आहे. २०२३ साली नव्यानं उघडलं, प्रवेश मोफत, आणि मुलांना हात लावता येईल असं पुष्कळ काही. पाच वर्षांच्या मुलीला घेऊन मी तिथेच जाईन.

लोहपथ

टेम्सकाठ, पाच वर्षांच्या मुलीसाठी तुमचं म्हणणं मान्य. यंग व्ही अँड ए उत्तम आहे. पण तिथे मूल खेळतं आणि मोठी माणसं बाकावर बसतात. ब्रायटनच्या संग्रहालयात मला आवडतं ते हे की इथे आजोबांना सांगण्यासारखं काहीतरी असतं. शिवाय इथली कपाटं अजून एका गाड्यावेड्या माणसाच्या हौशीसारखी भरलेली आहेत, दाटीवाटीनं. मोठ्या संस्था हल्ली वस्तू कमी आणि मोकळी जागा जास्त ठेवतात. मला दाटी प्रिय आहे.

खर्चाचं म्हणाल, तर केवळ संग्रहालयासाठी जाऊ नका. समुद्र, व्होक्स, पॅव्हिलियनची बाग मिळून दिवस भरतो. आणि तीन किंवा त्याहून जास्त जण असाल तर गर्दीच्या वेळेनंतरचं ग्रुपसेव्ह, म्हणजे गटासाठीचं सवलतीचं रेल्वे तिकीट बघा.

गिरगावची_चाळ

डिंकीच्या मोटारींचा कुणी उल्लेखच केला नाही! त्याच हॉर्नबींच्या मेकॅनो कंपनीनं १९३४ पासून डिंकी टॉईज नावानं ओतीव धातूच्या छोट्या मोटारी काढल्या. १९५६ मध्ये कॉर्गी आली, तिच्या गाड्यांना पारदर्शक खिडक्या होत्या, आणि मग दोघांची चढाओढ सुरू झाली. त्या संग्रहालयात दोन्ही भरपूर आहेत.

आपल्या पिढीसाठी यात एक खास धागा आहे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस डिंकीचे काही जुने साचे कलकत्त्याला विकले गेले, आणि तिथे त्याच गाड्या "निकी टॉईज" या नावानं तयार होऊ लागल्या. साच्यातलं डिंकी नाव बदलून निकी केलेलं. रंग जरा जाड, चाकं जरा वेगळी, पण गाडी तीच. माझ्याकडे निकीची एक मिनीबस होती, मामांनी आणलेली. चाळीच्या गॅलरीच्या कठड्यावरून ती फिरवताना तिचा कारखाना, तिचे साचे, ते कुठून आले, असले प्रश्न कधी पडलेच नाहीत. ब्रायटनला डिंकीच्या कपाटात त्याच घडणीची मिनीबस दिसली आणि मी तिथून हललो नाही. बायको-मुलं पुढच्या कमानीत जाऊन परत आली तरी मी तिथेच.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी माळ्यावर निकीच्या गाड्या असतील तर टाकू नका. उलट्या करून तळ बघा.

लोहपथ

गिरगावची_चाळ, सुंदर. एक भर: युद्धापूर्वीच्या डिंकीच्या गाड्यांना भेगा पडलेल्या दिसतात, काही वाकलेल्याही असतात. त्या कुणी आपटल्या म्हणून नव्हे. जस्ताच्या मिश्रधातूत शिशाचा अंश राहिला की धातू वर्षानुवर्षं आतून कुजत जातो, फुगतो आणि तडकतो. त्यावर इलाज नाही. ओलावा आणि तापमान सांभाळून ते लांबवता येतं, एवढंच.

खडकीकर

मंडळी, पॅव्हिलियनची बाग हा डबा खायचा हिरवळीचा तुकडा म्हणून वर येऊन गेला. तिथे आपलं बरंच काही आहे, म्हणून थोडं लिहितो.

रॉयल पॅव्हिलियनचं आजचं घुमटांचं रूप जॉन नॅश या वास्तुविशारदानं १८१५ ते १८२२ दरम्यान घडवलं, पुढे चौथा जॉर्ज झालेल्या राजपुत्रासाठी. बाहेरून हिंदुस्थानी, आतून चिनी नक्षी. भोजनदालनात चंदेरी ड्रॅगनच्या नखांत लटकणारं प्रचंड झुंबर आहे, ते मुलांना फार आवडतं. व्हिक्टोरिया राणीला ही वास्तू रुचली नाही. १८५० मध्ये ती गावानं विकत घेतली.

डिसेंबर १९१४ पासून १९१६च्या सुरुवातीपर्यंत इथे फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेल्या भारतीय सैनिकांचं रुग्णालय होतं. संगीतदालनात आणि भोजनदालनात खाटा मांडल्या होत्या. राजाच्या भल्यामोठ्या स्वयंपाकघरात शस्त्रक्रिया होत. धर्म आणि जातींप्रमाणे नऊ वेगळी स्वयंपाकघरं होती, हिंदू आणि मुसलमानांसाठी पाण्याची सोय वेगळी, आणि पाट्या उर्दू, हिंदी आणि गुरुमुखीत. आत या रुग्णालयावर एक स्वतंत्र दालन आहे.

त्या वेळी फ्रान्समध्ये पंजाबी, गढवाली आणि गुरखे पुष्कळ होते, पण खडकीचे बॉम्बे सॅपर्सही होते. त्यांच्या २० आणि २१ क्रमांकाच्या तुकड्या २८ ऑक्टोबर १९१४ ला ४७व्या शीख पलटणीबरोबर न्यूव्ह शापेल गावात घुसल्या होत्या आणि त्यात त्यांची फार मोठी हानी झाली. सॅपर म्हणजे पूल बांधणारे, सुरुंग लावणारे. त्या दिवशी ते पायदळासारखे लढले. खडकीत वाढलेल्या मला ते नाव लहानपणापासून माहीत होतं. पॅव्हिलियनच्या दालनात उभं राहिल्यावर ते नाव पुण्यापासून किती दूर पोहोचलं होतं, ते उमगलं.

बागेच्या दक्षिण बाजूचं प्रवेशद्वार, म्हणजे इंडिया गेट, ही भारतीयांनी ब्रायटनला दिलेली भेट. २६ ऑक्टोबर १९२१ ला पतियाळाच्या महाराजांनी त्याचं अनावरण केलं. मुलांना घेऊन जाताना त्याखालून जा आणि त्यांना हे सांगा. दोन मिनिटं लागतात.

ब्रायटनमध्ये मरण पावलेल्या ५३ हिंदू आणि शीख सैनिकांचं दहन गावाबाहेर पॅचमजवळच्या टेकड्यांवर झालं. त्या जागेवर संगमरवरी छत्री आहे, तीही १९२१ची. तिचा आराखडा मुंबईच्या ई. सी. हेन्रिक्स या तरुण वास्तुविशारदानं केला होता. आठ खांब, वर घुमट, भोवती गवत आणि मेंढ्या. शेजारच्या भिंतीवर ५३ जणांची नावं कोरली आहेत. दर जूनमध्ये तिथे मानवंदना होते.

रानजाई

खडकीकर, मनापासून आभार. आम्ही त्या दारातूनच आत गेलो होतो, आता सासऱ्यांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवते. छत्रीला वयस्कर माणसांना नेता येईल का? सासूबाईंचे गुडघे दुखतात.

खडकीकर

मोटार छत्रीपर्यंत जात नाही. हमरस्त्याच्या बाजूला गाडी लावून कुरणातून चढ चालावा लागतो, एक किलोमीटरहून थोडं जास्तच. फाटकं उघडायची, लावायची. पाऊस झालेला असेल तर चिखल. गुडघे दुखत असतील तर नको. आणि माझा आग्रह असा, की खेळण्यांच्या दिवसात छत्री कोंबू नये. तिच्यासाठी वेगळं जावं, मुलं जरा मोठी झाली की.

कोथरूड_ते_लेस्टर

हे सगळं वाचताना कर्वे रोडवरचं जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय डोळ्यांसमोर येतंय. भाऊ जोशी यांनी उभं केलेलं, १९९८ पासून लोकांसाठी खुलं. तिथे शो असतो, दिवे मालवतात, सिग्नल पडतात, गाड्या धावायला लागतात आणि समोर निवेदन चालू असतं. ब्रायटनला वस्तू जुन्या आणि शांत, पुण्याला देखावा चालता. पुण्याला गेलात की मुलांना तिथे न्या आणि तसंच पुढे पेशवे पार्कच्या फुलराणीत बसवा, १९५६ पासून धावते आहे ती. लोहपथ म्हणतात तोच क्रम, आधी लहान माप, मग बसायची गाडी.

लोहपथ

अगदी! आणि ब्रायटनकडे मोटारीनं जाणाऱ्यांसाठी आणखी एक: वाटेत ब्लूबेल रेल्वे आहे, १९६० पासून स्वयंसेवकांनी चालवलेली, खऱ्या वाफेच्या इंजिनांची. ईस्ट ग्रिन्स्टेड ते शेफील्ड पार्क, अकरा मैल. मात्र तिला अख्खा दिवस द्या.

शेवंता

आम्ही या धाग्यावरून जाऊन आलो. मुलानं चावीची भोकं शोधली, आणि फलाटावर तिसरा रूळ त्यानं आम्हाला दाखवला. दोन सूचना. किनारा वाळूचा नाही, गोट्यांचा आहे. चपला घालून आणि चटई घेऊन जा, वाळूचा किल्ला करायच्या तयारीनं गेलेली मुलं हिरमुसतात. आणि पिअरजवळ चिप्स उघड्यावर खाऊ नका. समुद्रपक्षी मागून झेप घेऊन हातातलं नेतात, आमची लेक घाबरून रडली. आम्ही मग धपाटे आणि चटणी पॅव्हिलियनच्या बागेत बसून खाल्ली.

झुळूक

ऑक्टोबरच्या सुट्टीत जायचं ठरवतोय. सी लाईफ आणि व्होक्स, एवढंच. व्होक्स तेव्हा चालू असते का?

लोहपथ

ती हंगामी आहे, साधारण ईस्टरपासून शरद ऋतूपर्यंत. ऑक्टोबरच्या शेवटी चालू असेलच असं नाही, तारीख आधी बघून घ्या. जोराचा वारा असेल तर त्या दिवशी फेऱ्या बंदही ठेवतात. पिअरजवळच्या अ‍ॅक्वेरियम स्टेशनला बसा, ब्लॅक रॉकपर्यंत जा आणि त्याच गाडीनं परत या. जाताना उजव्या बाजूला बसा, समुद्र त्या बाजूला.